आयस्कझीमध्ये टाइमआउट झालेला टास्क नीट कसा अबॉर्ट करायचा

आयस्कझी म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरण्याचा प्रोटोकॉल: कमांड पाठवणारा तो इनिशिएटर, डिस्क देणारं ते टार्गेट, आणि पाठवलेली प्रत्येक कमांड म्हणजे एक टास्क. डिस्कला एक ब्लॉक वाचायला सांगितला, तीस सेकंद झाले, उत्तर नाही. पहिल्यांदाच इनिशिएटर लिहिणाऱ्याच्या कोडमध्ये इथे साधारण चार ओळी असतात: टास्क यादीतून काढ, बफर मोकळा कर, वरच्या थराला 'टाइमआउट' कळव, पुढे चल. चाचणीत हा कोड मस्त चालतो, कारण चाचणीत टार्गेट एकतर उत्तर देतं, नाहीतर पूर्ण मेलेलं असतं. खरी अडचण करतं ते उशिरा उत्तर देणारं टार्गेट.

मीही त्याच चार ओळी लिहिल्या होत्या. माझा टास्क टॅग (उत्तर कोणत्या टास्कचं ते ओळखण्याचा आकडा) म्हणजे चौसष्ट घरांच्या अ‍ॅरेतला घर क्रमांक होता, आणि घर रिकामं झालं की लगेच पुढच्या टास्कला मिळायचं. एकदा टार्गेटची डिस्क अडखळली, सात नंबरचा टास्क टाइमआउट झाला, घर मोकळं झालं, तिथे नवं वाचन बसलं. मग जुन्या वाचनाचा डेटा आला, टॅग सात. माझ्या कोडने तो निमूटपणे नव्या वाचनाच्या बफरमध्ये ओतला आणि 'यशस्वी' म्हणून वर पाठवला. एररचं नाव नाही, फक्त ब्लॉक दुसराच. हे शोधायला मला दोन दिवस लागले, आणि त्यातला दीड दिवस मी टार्गेटला शिव्या देण्यात घालवला.

यातून जे शिकलो त्यावरच हा लेख उभा आहे. टाइमआउट तुमच्या घड्याळात होतो, टार्गेटला त्याची खबरही नसते. तुम्ही टास्क सोडून दिलात तरी तो तिथे चालूच असतो. तो संपल्याचं टार्गेटकडून कळेपर्यंत त्याचा बफर, त्याचा टॅग आणि त्याचा कमांड क्रमांक यांपैकी काहीही तुमच्या मालकीचं नाही.

लिहिण्याच्या बाबतीत हे जास्त वाईट का

वाचनात चुकीचा डेटा मिळतो, पण डिस्क तरी शाबूत राहते. लेखनात काय होतं ते एका ब्लॉकवर पाहू. ब्लॉक ७०० वर 'अ' लिहायला पाठवलं, ते टार्गेटच्या रांगेत अडकलं. इनिशिएटरने टाइमआउट धरला आणि अबॉर्ट न करताच, म्हणजे टार्गेटला टास्क रद्द करायला न सांगताच, एरर परत दिली. वरच्या मल्टिपाथने (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या थराने) तेच लेखन दुसऱ्या मार्गाने पाठवलं, झालं. थोड्या वेळाने फाइल सिस्टिमने त्याच ब्लॉकवर 'ब' लिहिलं, तेही झालं. आता पहिल्या मार्गावरचं अडकलेलं 'अ' सुटतं आणि मुकाट ब्लॉक ७०० वर जाऊन बसतं. फाइल सिस्टिमच्या लेखी तिथे 'ब' आहे, डिस्कवर 'अ'. लॉग सगळे स्वच्छ. पुढे कधीतरी चेकसम जुळत नाही तेव्हा माणूस रॅमवर संशय घेत बसतो.

अबॉर्टचं काम नेमकं हे भूत गाडण्याचं आहे. वेळ वाचवण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आयस्कझीचे नियम पहिल्यांदा २००४ मध्ये आरएफसी ३७२० म्हणून आले आणि २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ मध्ये एकत्र झाले. खाली जे क्रमांक आणि बाइट सांगतोय ते दोन्हीकडे सारखेच आहेत.

पायरी १: टास्क नक्की कुठे अडकलाय ते पाहा

टायमर वाजला की लगेच अबॉर्ट पाठवू नका. टास्क तीनपैकी एका जागी असतो आणि प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आहे.

पहिली जागा: तो अजून तुमच्याच रांगेत आहे, सॉकेटवर एक बाइटही गेलेला नाही. टार्गेटने कमांड विंडो बंद केली की, म्हणजे पुढचा कमांड क्रमांक (सीएमडीएसएन) टार्गेटने दिलेल्या मर्यादेच्या, मॅक्स-सीएमडीएसएनच्या, पलीकडे गेला की, असं होतं. इथे टार्गेटला काहीच माहीत नाही, त्यामुळे टास्क नुसता काढून टाकता येतो. पण एक सापळा आहे. टास्क रांगेत घालतानाच तुम्ही त्याला सीएमडीएसएन देऊन टाकला असेल, तर तो काढल्यावर क्रमांकांमध्ये भोक पडतं. समजा ४१, ४२, ४३ रांगेत होते आणि तुम्ही ४२ काढलात. टार्गेटला ४१ मिळाला, मग ४३ आला. कमांड क्रमाने चालवायच्या असल्यामुळे ते ४३ हातात धरून ४२ ची वाट पाहत बसतं. त्याच्या प्रत्येक उत्तरात अपेक्षित क्रमांक ४२ वरच अडकलेला दिसतो, आणि मागचं सगळं एकापाठोपाठ टाइमआउट होतं. एका मंद कमांडपायी आख्खं सेशन बसतं. म्हणून सीएमडीएसएन रांगेत घालताना देऊ नका. पीडीयूचा (आयस्कझीच्या एका संदेशाचा) पहिला बाइट सॉकेटवर लिहिण्याच्या क्षणी द्या. जुन्या कोडमध्ये ते बदलणं शक्य नसेल तर काढलेल्या टास्कच्या मागच्या, अजून न पाठवलेल्या सगळ्यांचे क्रमांक एकाने मागे घ्या.

दुसरी जागा: पीडीयू अर्धवट गेलाय. अठ्ठेचाळीस बाइटचा हेडर गेला, त्यात लिहिलंय की मागून ८१९२ बाइट डेटा येतोय, आणि त्यातले ३००० गेल्यावर सॉकेटचा बफर भरला. नेमका आता टायमर वाजला. टीसीपीला पीडीयू वगैरे काही कळत नाही, तो बाइटांचा प्रवाह आहे. तुम्ही इथेच थांबून अबॉर्टचा पीडीयू लिहिलात तर टार्गेट त्या अबॉर्टला उरलेल्या ५१९२ बाइटांचाच भाग समजून गिळेल. तिथून पुढे प्रत्येक हेडर चुकीच्या जागी वाचला जाणार. तेव्हा सुरू केलेला पीडीयू पुराच करायचा, मग तो डेटा कचरा असला तरी चालेल, आणि अबॉर्ट त्याच्यामागे. पुरा करणं जमतच नसेल तर सॉकेट बंद करा, म्हणजे थेट पायरी ६.

तिसरी जागा: सगळं गेलंय, उत्तराची वाट आहे. इथून पुढचं सगळं या अवस्थेसाठी.

पायरी २: मार्ग जिवंत आहे का

नेटवर्कच तुटलं असेल तर अबॉर्ट पाठवणं म्हणजे बंद फोनवर 'फोन ठेव' म्हणण्यासारखं आहे. आधी नॉप-आउट (नुसतं 'आहेस का' विचारणारा पीडीयू) पाठवा, त्याचं उत्तर म्हणजे नॉप-इन. नॉप-इन परत आला म्हणजे कनेक्शन ठीक आहे आणि एक टास्क अडकलाय. मग अबॉर्टला अर्थ आहे. नॉपही आला नाही तर अबॉर्टवर वेळ घालवू नका.

पायरी ३: अबॉर्टचा पीडीयू बांधा

हा टास्क मॅनेजमेंट फंक्शन रिक्वेस्ट, ऑपकोड (पीडीयूचा प्रकार सांगणारा आकडा) २. तो इमिजिएट म्हणून पाठवायचा, म्हणजे पहिला बाइट हेक्स ४२. इमिजिएट असल्यामुळे तो सीएमडीएसएन खर्च करत नाही आणि विंडो बंद असली तरी जातो. आत्ताचा सीएमडीएसएन त्यात लिहायचा, पण काउंटर पुढे न्यायचा नाही. नवखे लोक इथे हमखास काउंटर वाढवतात आणि मघाचंच भोक पुन्हा पाडतात.

दुसरा बाइट हेक्स ८१: वरचा बिट नेहमी एक, खाली फंक्शन क्रमांक १, म्हणजे अबॉर्ट टास्क. बाइट ८ ते १५ मध्ये एलयूएन (टार्गेटमधल्या डिस्कचा क्रमांक), मूळ कमांडमध्ये होता तोच. बाइट १६ ते १९ मध्ये या विनंतीचा स्वतःचा नवा टॅग. बाइट २० ते २३ मध्ये ज्याला मारायचं त्याचा टॅग. हे दोन टॅग अदलाबदल झाले तर टार्गेट 'असा टास्कच नाही' म्हणतं आणि तुम्हाला वाटतं काम झालं.

बाइट ३२ ते ३५ मध्ये रेफ-सीएमडीएसएन, म्हणजे मूळ कमांडचा सीएमडीएसएन. हे घर शून्य ठेवलेले इनिशिएटर मी पाहिले आहेत आणि रोजच्या वापरात ते चालतातही. पण मूळ कमांड डायजेस्ट (पीडीयूचा चेकसम) चुकल्यामुळे टार्गेटने टाकून दिली असेल, तर याच आकड्यावरून टार्गेट ओळखतं की हा क्रमांक आता येणार नाही. तो आला असं धरून ते भोक बुजवतं आणि 'फंक्शन पूर्ण' असं उत्तर देतं. हा आकडा नसेल तर अबॉर्ट होऊनही सेशन अडकलेलं राहतं.

हा पीडीयू त्याच कनेक्शनवर पाठवायचा ज्यावर मूळ कमांड गेली. आणि एका वेळी एकच. टार्गेटवर बंधन एवढंच आहे की प्रत्येक कनेक्शनवर निदान एक इमिजिएट टास्क मॅनेजमेंट विनंती हाताळता यायला हवी. त्याहून जास्त आल्या तर ते त्या रिजेक्ट करू शकतं. शंभर टास्क एकदम टाइमआउट झाले तर शंभर अबॉर्टची माळ लावू नका. शंभर एकदम अडकलेत याचा अर्थ एलयूएन किंवा मार्गच अडकलाय, त्याला पायरी ६ मधला उपाय हवा.

पायरी ४: उत्तर येईपर्यंत काहीही सोडू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका या पायरीत होतात, कारण इथे काही करायचं नसतं. टास्कची अवस्था 'अबॉर्ट होत आहे' अशी करा आणि तो टॅगच्या तक्त्यात तसाच राहू द्या. या वेळात काय काय येऊ शकतं ते पाहा.

डेटा-इन, म्हणजे वाचलेला डेटा आणणारा पीडीयू, येऊ शकतो. तो घ्यावाच लागेल, नाहीतर प्रवाह बिघडेल. मूळ बफर अजून राखून ठेवला असेल तर त्यात घ्या, नाहीतर वाचून फेकून द्या. वरच्या थराला बफर लगेच परत हवा असेल तर त्याला नाही म्हणा. ते जमत नसेल तर सुरुवातीपासूनच नेटवर्कचा डेटा तुमच्या स्वतःच्या बफरमध्ये घेऊन शेवटी कॉपी करा. कॉपीला वेळ लागतो हे खरं, पण दुसऱ्याच्या मेमरीत लिहिण्यापेक्षा ते बरं.

आर२टी येऊ शकतो, म्हणजे लेखनाचा पुढचा तुकडा पाठव असं टार्गेट म्हणतं. याला उत्तर द्यायचं की नाही यावर टार्गेटांच्या सवयी वेगवेगळ्या आहेत. लिनक्सच्या ओपन-आयस्कझी या इनिशिएटरमध्ये म्हणूनच फास्टअबॉर्ट नावाची सेटिंग आहे. ती मुळात 'यस' असते, म्हणजे अबॉर्ट पाठवल्यावर आर२टीला उत्तर द्यायचं नाही. काही टार्गेटांना ती 'नो' लागते. तुमच्या लायब्ररीतही ही निवड ठेवा.

आणि मूळ टास्कचं खरं उत्तर येऊ शकतं! तुमचा अबॉर्ट वाटेत असतानाच टार्गेटने काम संपवलं. मग टास्क पूर्ण झाला, खरा स्टेटस वर द्या. लक्षात ठेवा, हे उत्तर नेहमी स्कझी रिस्पॉन्स पीडीयूनेच येतं असं नाही. वाचनात शेवटच्या डेटा-इनमध्येच स्टेटसचा बिट लावून टार्गेट वेगळा रिस्पॉन्स वाचवतं. फक्त रिस्पॉन्सच तपासणारा कोड ही शर्यत चुकवतो. मात्र अबॉर्टचं उत्तर अजून यायचंय, त्यामुळे कॉलबॅक होऊन गेला तरी टॅग त्या उत्तरापर्यंत राखून ठेवा.

कॉलबॅक एकदाच झाला पाहिजे. टास्कमध्ये 'कळवलं' असा एक बिट ठेवा आणि कॉलबॅक बोलावणारी जागा संपूर्ण कोडमध्ये एकच ठेवा. टॅगसाठी सरळ वाढत जाणारा ३२ बिटांचा काउंटर वापरा, घर क्रमांक नको. सगळे बत्तीस बिट एक असलेला आकडा तेवढा वगळा, तो 'टॅग नाही' या अर्थाने राखीव आहे.

पायरी ५: उत्तराचा अर्थ लावा

उत्तराचा ऑपकोड हेक्स २२. रिस्पॉन्स ० म्हणजे फंक्शन पूर्ण: यानंतर त्या टास्कचं कुठलंही उत्तर येणार नाही. आता बफर सोडा, टॅग सोडा, वर 'टाइमआउट' कळवा.

रिस्पॉन्स १ म्हणजे असा टास्क नाही. हे फसवं आहे. त्याआधी मूळ टास्कचा स्टेटस तुम्हाला मिळाला असेल तर सगळं ठीक, शर्यत टार्गेटने जिंकली. पण स्टेटस आलेला नसताना टार्गेट 'नाही' म्हणत असेल तर त्यावर विसंबू नका. एकाच कनेक्शनवर उत्तरं क्रमाने येतात, म्हणजे टास्क संपला असता तर स्टेटस आधीच आला असता. याला अबॉर्ट फसला असं धरा आणि पुढच्या पायरीवर जा. २५५ म्हणजे नाकारलं, ५ म्हणजे हे फंक्शन येतच नाही. दोन्हींचा मार्ग तोच.

वर 'टाइमआउट' कळवताना आणखी एक. लेखन अबॉर्ट झालं म्हणजे ते झालं नाही असं नव्हे. ब्लॉक जुने असतील, नवे असतील, किंवा अर्धे जुने अर्धे नवे. अबॉर्टची खात्री झाल्यावर तेच लेखन त्याच जागी पुन्हा पाठवणं डिस्कवर सुरक्षित आहे. टेपवर नाही, कारण तिथे पहिल्या प्रयत्नात जागा पुढे सरकलेली असू शकते. कंपेअर-अँड-राइटवरही (आधी जुना डेटा जुळवून मगच लिहिणारी कमांड) नाही.

पायरी ६: उत्तर आलंच नाही तर

अबॉर्टलाही स्वतःचा टायमर हवा. ओपन-आयस्कझीमध्ये तो १५ सेकंद असतो. तो संपला की एक पायरी वर: लॉजिकल युनिट रिसेट, फंक्शन ५, ज्याला तिथे ३० सेकंद दिलेले असतात. हा वापरताना हात जरा आखडता ठेवा. त्या एलयूएनवर दुसऱ्या इनिशिएटरांच्या ज्या कमांड चालू असतील त्याही यात मरतात, आणि त्यांना युनिट अटेन्शन (रिसेट झाल्याची सूचना) मिळतं. तुमच्या एका वाचनापायी शेजारच्या मशीनचं काम थांबतं. क्लस्टरमध्ये तर विचार करूनच.

तेही जमलं नाही तर कनेक्शन तोडून पुन्हा लॉगिन करायचं. मला हा उपाय लोक समजतात त्यापेक्षा स्वच्छ वाटतो, पण एक अट आहे: लॉगिनमध्ये आयएसआयडी (सेशनला इनिशिएटरने दिलेला ओळख क्रमांक) तोच आणि टीएसआयएच (टार्गेटने दिलेला) शून्य हवा. म्हणजे टार्गेट याला त्याच सेशनचा पुनर्जन्म समजतं, आणि जुनं सेशन त्याच्या टास्कसकट बंद करूनच नवं लॉगिन पुरं करतं. लॉगिन यशस्वी झालं म्हणजे भूत गेलं. दर वेळी नवा आयएसआयडी बनवला तर टार्गेटला तो वेगळाच इनिशिएटर पोर्ट दिसतो. जुनं सेशन त्याच्या अडकलेल्या लेखनासह बाजूला जिवंत राहतं आणि ब्लॉक ७०० ची गोष्ट पुन्हा घडते.

लिनक्सवर हे कसं दिसतं

लिनक्समध्ये डिस्कच्या कमांडचा टाइमआउट सहसा ३० सेकंद असतो, सिसएफएसमध्ये त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरमधल्या टाइमआउट नावाच्या फाइलमध्ये. पण तिसाव्या सेकंदाला अबॉर्ट दिसला नाही म्हणून गोंधळू नका. आयस्कझीचा थर आधी पाहतो की या टास्कची नेटवर्कवर काही हालचाल झाली का, मग नॉप पाठवून मार्ग तपासतो, आणि दर वेळी टायमर पुन्हा लावतो. त्यामुळे अबॉर्ट निघेपर्यंत तिसाच्या दुप्पट-तिप्पट वेळ सहज जातो. वरच्या अ‍ॅप्लिकेशनचा टाइमआउट ठरवताना हा हिशेब धरा, नाहीतर डेटाबेस आधीच हात वर करून मोकळा होतो.

सेशनच तुटलं तर त्याच्या परतीची वाट किती पाहायची हे रिप्लेसमेंट टाइमआउट ठरवतो, मूळ आकडा १२० सेकंद. मल्टिपाथ असेल तर तो बराच कमी करतात, म्हणजे काम लवकर दुसऱ्या मार्गावर जातं. रूट डिस्कच आयस्कझीवर असेल आणि मार्ग एकच असेल तर उलट वाढवतात.

हाताने करून पाहा

दोन व्हर्च्युअल मशीन पुरतात. एकावर टार्गेटसीएलआय वापरून लिनक्सचं एलआयओ टार्गेट उभं करा आणि मागे डिव्हाइस मॅपरचं एखादं छोटं लॉजिकल व्हॉल्यूम द्या. दुसऱ्यावर ओपन-आयस्कझीने लॉगिन करा. इनिशिएटरवर लिबआयस्कझी मॉड्यूलचा एरर-हँडलिंगचा डीबग पॅरामीटर चालू करा, नाहीतर लॉगमध्ये काहीच दिसणार नाही. टीसीपी पोर्ट ३२६० वर पॅकेट कॅप्चरही लावून ठेवा.

आता टार्गेटवर डीएमसेटअपने ते व्हॉल्यूम सस्पेंड करा आणि इनिशिएटरवरून डीडीने एक ब्लॉक डायरेक्ट फ्लॅगसह वाचायला सांगा. डायरेक्ट विसरलात तर ब्लॉक कॅशमधून मिळेल आणि प्रयोग तिथेच संपेल. थोड्या वेळाने इनिशिएटरच्या लॉगमध्ये अबॉर्टची ओळ येईल. ती दिसली की पंधरा सेकंदांच्या आत टार्गेटवर व्हॉल्यूम रिझ्यूम करा. टार्गेटच्या लॉगमध्ये टास्क टॅग सापडल्याची आणि मग फंक्शन पूर्ण पाठवल्याची ओळ दिसेल.

दुसऱ्या फेरीत रिझ्यूम करू नका. एलआयओ मागच्या डिस्ककडे गेलेलं काम मध्येच तोडू शकत नाही, ते संपेपर्यंत थांबतं आणि मगच अबॉर्टचं उत्तर देतं. त्यामुळे अबॉर्ट फसतो, मग रिसेट फसतो, आणि तुम्हाला पायरी ६ क्रमाने उलगडताना दिसते. शेवटी डिस्क ऑफलाइन झाली तर तिच्या स्टेट फाइलमध्ये रनिंग असं लिहून ती परत आणता येते, अर्थात आधी व्हॉल्यूम रिझ्यूम करून.

पॅकेट कॅप्चर उघडल्यावर पहिल्या फेरीतला हेक्स २२ चा पीडीयू शोधा आणि त्याच्या खाली जुन्या टास्कचा टॅग शोधा. टार्गेटकडून आलेल्या एकाही पीडीयूत तो सापडायला नको. मग हेच तुमच्या स्वतःच्या इनिशिएटरने करून पाहा, आणि या वेळी टॅग दोन्ही दिशांना शोधा.